आभाळ आलं की पंपाकडे धावणाऱ्या एका बागायतदाराला

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुणाने मला विचारलेला प्रश्न असा:

"नाना, सातपूरची नोकरी सोडून बाग बघायला लागलो त्याला तीन वर्षं झाली. तीन एकर थॉमसन द्राक्ष आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की माझी झोप उडते. आभाळ आलं की मी पंप जोडतो. गेल्या हंगामात ४२ फवारे मारले, तरी दोड्यात (फुलोऱ्याआधीच्या कळ्यांच्या अवस्थेत) डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच. वडील म्हणतात, 'तू मन लावून करत नाहीस.' याहून जास्त मी काय करू? तुमच्याकडे कधीही आलो तरी तुम्ही चहा पीत बसलेले असता. हे एवढं शांत राहणं जमतं कसं?"

आधी चहाचं सांगून टाकतो. तू येतोस साडेनऊला. मी उजाडल्यापासून बागेत असतो, कारण दव असताना पानाची मागची बाजू जे सांगते ते ऊन चढल्यावर सांगत नाही. साडेनऊपर्यंत माझं दिवसातलं मुख्य काम आटोपलेलं असतं. तुझ्या वाट्याला फक्त चहा येतो.

आता ४२ फवाऱ्यांचं. आकडा ऐकून मी दचकलो नाही, पावसाळी वर्षी आपल्या भागात एवढे होतात. पण एक काम कर. फवाऱ्यांची वही उघड. निर्यातीसाठी प्लॉट नोंदवला असशील तर ती ठेवावीच लागते. प्रत्येक फवाऱ्यापुढे पेन्सिलीने लिही, त्या दिवशी तू नेमकं काय पाहिलं होतंस. पान पाहिलंस, आभाळ पाहिलंस की फोन पाहिलास? शेजारच्याने पंप चालू केला म्हणून मारला असेल तर तसं लिही. दुकानदाराने "उद्या मिळणार नाही" म्हटलं म्हणून मारला असेल तर तेही लिही. ही वही कोणाला दाखवायची नाही. मी पस्तिशीत असताना हा हिशेब केला होता आणि पान पाहून मारलेले फवारे मोजायला एका हाताची बोटं पुरली होती.

मग बाकीचे कशासाठी मारले? खरं सांगायचं तर छातीतली धडधड थांबावी म्हणून. आभाळ भरून येतं, कर्जाचा आकडा डोळ्यांपुढे नाचतो, आणि नुसतं बसून राहणं असह्य होतं. ट्रॅक्टर सुरू झाला, पंपाचा आवाज आला की बरं वाटतं. आपण काहीतरी करतोय असं वाटतं. दोन-चार हंगाम असं झालं की शरीराला सवय लागते: भीती वाटली की पंप. औषध लागू पडत होतं, पण ते मला. वेलीला त्याची गरज होती की नाही हा प्रश्न मी विचारलेलाच नसायचा.

आणि हे काही फुकटात होत नाही. डिझेल, औषध, मजुरी यांचा खर्च तर आहेच. ओल्या जमिनीवर ट्रॅक्टर फिरवून ओळींमधली माती दाबली जाते, पांढऱ्या मुळीचा श्वास कोंडतो. तेच ते औषध पुन्हापुन्हा मारलं की बुरशी त्याला पचवायला शिकते. काढणी जवळ आली असेल तर मण्यात औषधाचा अंश राहतो, आणि अंश म्हणजे काय हे २०१० साली आपण सगळ्यांनी पाहिलंय. वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपात आपला माल अडकला होता, आणि ते, म्हणजे दुकानातलं लिहोसिन, तर आपण वर्षानुवर्षं बिनदिक्कत वापरत होतो. तेव्हा "मारून ठेवलेलं बरं, नुकसान तर नाही ना" हे वाक्य डोक्यातून काढून टाक.

तुझा डाऊनी तरीही का आला, ते आता बघू. याच्याआधी शांतपणावर बोलण्यात अर्थ नाही.

डाऊनीचं स्वतःचं घड्याळ आहे, आणि ते तुझ्या छातीच्या ठोक्यांवर चालत नाही. त्याचे बीजाणू गेल्या वर्षीच्या कुजलेल्या पानांतून जमिनीत पडून असतात. चोवीस तासांत साधारण १० मिलिमीटर पाऊस आणि १० अंशांच्या वर तापमान, एवढं जमलं की ते जागे होतात. थेंबांबरोबर उडून खालच्या पानांवर येतात, पानावरच्या पाण्यात अक्षरशः पोहतात आणि पानाच्या श्वासछिद्रातून आत शिरतात. पाणी नसेल तर त्यांचं काही चालत नाही. आत शिरल्यावर पाच ते दहा दिवस तुला काहीच दिसत नाही. मग पानावर तेलकट डाग उमटतो. त्यानंतर एखाद्या दमट रात्री, अंधारात, हवा ओलसर आणि तापमान १३ अंशांच्या वर असेल तर डागाच्या मागच्या बाजूला पांढरी लव येते आणि तिथून तो बागभर पसरतो.

म्हणजे आज सकाळी तुला जो डाग दिसला तो गेल्या आठवड्यातल्या पावसाचा हिशेब आहे. तो पाहून तू रात्री अकराला घाबरून जो फवारा मारतोस, त्याचा त्या डागाशी काही संबंध नाही. स्पर्शजन्य औषध पाऊस पडायच्या आधी पानावर बसलेलं हवं. आंतरप्रवाही औषध शिरकाव झाल्यावर थोडेच दिवस उपयोगी पडतं, आणि ते पानात मुरायलाही काही तास कोरडे मिळावे लागतात. तू कोसळत्या पावसात मारलेलं औषध मातीत गेलं.

नीट बघितलंस तर योग्य वेळ नेहमी अशा दिवशी येते, जेव्हा आभाळ निळं असतं आणि तुला अजिबात भीती वाटत नसते. भीती वाटायला लागते तेव्हा वेळ एकतर निघून गेलेली असते, नाहीतर अजून आलेली नसते. भीतीवर चालणारा माणूस म्हणूनच सारखा उशिरा पोचतो आणि तरीही धावत असतो.

हा धडा मला फुकट मिळाला नाही. २०१९ आठव. ऑक्टोबर संपता संपता अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ आलं, त्याच्या मागोमाग महा. माझा मोठा प्लॉट फुलोऱ्याच्या तोंडावर होता. मी दीड दिवसात तीन फवारे मारले. तिसऱ्याच्या वेळी ट्रॅक्टर ओळीत रुतला. तो काढायला दुसरा ट्रॅक्टर आणला, त्याने ठिबकची नळी आणि दोन वेली घेतल्या. रात्री दोनला चिखलाने माखलेला मी घरी आलो तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटत होता. कष्टात कुठे कमी पडलो नाही असं. पुढच्या आठवड्यात घड तपकिरी पडले.

शेजाऱ्याचंही नुकसान झालं, त्या वर्षी कोणाचं झालं नाही? पण त्याची अर्धी बाग हातात राहिली. त्याने माझ्यापेक्षा कमी फवारे मारले होते. मी दोन दिवस त्याच्या बागेत नुसता फिरलो, आणि कारण समजलं तेव्हा तिथेच बांधावर बसलो. त्याने फेलफुटी, म्हणजे बगलेतल्या नको त्या फुटी, वेळेवर काढल्या होत्या. त्याच्या वेलीतून वारा जात होता, पाऊस उघडला की सकाळी दहापर्यंत त्याचं पान वाळायचं. माझं दुपारी दोनपर्यंत ओलं. आणि माझ्या फेलफुटी का राहिल्या होत्या? कारण माणसं मी फवारणीच्या मागे लावली होती. घाईतल्या कामाने गरजेचं काम खाल्लं होतं.

आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. (नाशिकच्या गंगापूर रोडचं सोमेश्वर नव्हे. तिथे धबधबा आहे, बंबाची गरज नाही.) गेल्या वर्षी एकाने मला बोलावलं, सहा फवारे झाले तरी भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी दिसणारी बुरशी) हटत नाही म्हणून. महागातली औषधं, सगळी नावाजलेली. मी म्हटलं, पंप साध्या पाण्यावर चालव. डाव्या बाजूची दोन नोझलं बंद होती आणि उरलेल्यांची भोकं झिजून धार पडत होती. सहाच्या सहा फवारे बागेच्या एकाच अंगाला बसले होते. त्या माणसाला रोज चार तास झोप मिळत होती. नोझल खोलायला दहा मिनिटं लागतात, पण ती दहा मिनिटं थांबायची त्याची तयारी नव्हती.

तू विचारलंस तसं "शांत राहायचं" मीही ठरवून पाहिलंय. पहाटे चारचा गजर लावून प्राणायामाला बसायचो. डोळे मिटले की पानं दिसायची आणि पानांवर लव. प्राणायाम चांगलाच आहे, ज्याला जमतो त्याने करावा. पण शांत व्हायचा जोर लावला की आणखी एक काम वाढतं आणि त्यातही आपण नापास होतो. मला उपयोगी पडलं ते वेगळंच.

मी बागेत वीस वेली धरल्या आहेत. खालच्या बाजूच्या, पाणी साचतं तिथल्या सात, मधल्या सहा, बांधाकडेच्या सात. त्यांना रंगीत सुतळी बांधली आहे. रोज सकाळी फोन घरी ठेवून त्या वीस वेलींपाशी जायचं, प्रत्येकीचं आतलं एक पान उलटून बघायचं आणि घडाच्या देठाला हात लावायचा. बस एवढंच. पहिल्या चार-पाच वेलींपर्यंत डोक्यात बँक असते, भाव असतो, कालची भांडणं असतात. दहाव्या वेलीच्या आसपास पान दिसायला लागतं. खरंच दिसायला लागतं: कुठली शीर पिवळी, कुठे थ्रिप्स किडीने ओरबाडलंय, दव किती, माती पायाला कशी लागते. छातीतली धडधड मी थांबवत नाही. लक्ष पानावर गेलं की तिला खायला काही उरत नाही. एखाद्या दिवशी विसावी वेल झाली तरी डोकं गढूळच असतं. त्या दिवशी मी नवा निर्णय घेत नाही, दाराच्या मागच्या कागदावर जे लिहिलंय तेवढंच करतो. कागदाचं पुढे सांगतो.

संशयास्पद डाग दिसला तर लगेच दुकानात जाऊ नको. पान तोड, जाड कागदावर पाण्याचा हबका मारून त्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, तोंड बांध आणि रात्रभर अंधारात, फार गार नाही अशा जागी ठेव. डाऊनी असेल तर सकाळी मागच्या बाजूला पांढरी लव उठलेली असेल. नसेल तर तो औषधाचा चटका असेल, अन्नद्रव्याची कमतरता असेल, करप्याची सुरुवात असेल, म्हणजे उपाय पूर्ण वेगळा. एक रात्र जाते. त्या एका रात्रीची वाट बघणं माणसाला जड जातं, हे मला माहीत आहे. पण कशासाठी मारतोय हे माहीत नसताना मारलेल्या औषधाची रात्र त्याहून लांब असते.

मोरचूद-चुन्याचं मिश्रण सापडलं तेही असंच. फ्रान्समध्ये १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून डाऊनी पोचला आणि बागाच्या बागा झडल्या. मेदोक भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं चोरू नयेत म्हणून. सगळे रोगाने हवालदिल झालेले असताना मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेलींचीच पानं शिल्लक आहेत. त्यातून १८८५ साली बोर्डो मिश्रण जगापुढे आलं. त्या रस्त्याने शेकडो माणसं रोज जात असतील. आजही बोर्डो करताना मी लोखंडी विळ्याचं पातं द्रावणात बुडवून बघतो. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, पान जळणार. मिनिटाचं काम आहे. घाईतला माणूस नेमकं हेच मिनिट वाचवतो.

याचा अर्थ सावकाश कर असा घेऊ नकोस. इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. थिनिंगला, म्हणजे घडाची विरळणी करायला, माझ्याकडे सुरगाण्याकडची टोळी येते. त्यात एक मावशी आहेत. मणी ज्वारीएवढे झालेले असतात, घड कात्रीने मोकळा करायचा असतो. टोळीतल्या नव्या मुली भराभर कात्री चालवतात, पुढे जातात, मग मुकादम ओरडतो, परत मागे येतात, राहिलेल्या पाकळ्या (घडाच्या बारीक फांद्या) काढतात, एखादा घड जास्तच मोकळा करतात. मावशी घड हातात घेतात, एकदा फिरवून बघतात. क्षणभरच. मग चार-पाच कात्र्या आणि घड सोडून देतात, परत त्याच्याकडे वळत नाहीत. ओळ त्यांचीच आधी संपते. मी एकदा विचारलं, एवढं पटापट कसं होतं? म्हणाल्या, "मी कुठं पटापट करते? तुमाला तसं दिसतं." घाई आणि वेग यातला फरक यापेक्षा चांगला मला कोणी दाखवला नाही.

दोडा अवस्थेत रात्री पाऊस पडून पहाटे उघडला, तर पान वाळताच मी ट्रॅक्टर बाहेर काढलेला असतो आणि थोड्या तासांत तीन एकर उरकलेले असतात. त्या वेळी मी चहा पीत बसत नाही. पण तेव्हा मला विचार करावा लागत नाही, कारण तो मे महिन्यात करून झालेला असतो. खरड छाटणीनंतर, उन्हात, जेव्हा डाऊनीचं नावही कोणी काढत नाही, तेव्हा मी एक कागद लिहितो आणि औषधाच्या खोलीच्या दारामागे चिकटवतो. पावसाचा अंदाज असेल तर आदल्या दिवशी कुठलं औषध. पाऊस पडून गेल्यावर पान वाळल्यानंतर कुठलं. लागोपाठ तीन दिवस पान ओलं राहिलं तर कुठलं, आणि ट्रॅक्टर जात नसेल तर धुरळणी कशाची. ते औषध तेव्हाच आणून ठेवतो, टाकी रात्रीच भरलेली असते, नोझलं धुतलेली असतात. तहान लागल्यावर विहीर खणणारा माणूस कितीही जोराने खणो, तहान आधी पोचते.

त्या कागदावर मी स्वतःसाठी एक ओळ लिहिली आहे: रात्री नऊनंतर बागेचा नवीन निर्णय नाही. रात्री फोनवर जे येतं त्याने बाग वाचत नाही. कुणीतरी कुठल्यातरी तालुक्यातल्या घडाचा फोटो टाकतो, त्याखाली सहा जण सहा औषधं सांगतात, आणि अर्ध्या तासात तुझी बाग तुला रोगट दिसायला लागते. बागलाणात कोणी जुलै-ऑगस्टमध्ये छाटलेली अर्ली बाग आणि तुझी ऑक्टोबरची बाग, यांचे दिवस वेगळे, अवस्था वेगळ्या. त्याचं औषध तुला कसं चालेल? आणि ती सहा माणसंही तुझ्यासारखीच जागी आहेत, म्हणून सांगताहेत.

माझे वडील दर पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जायचे. पौष वद्य एकादशी म्हणजे आपल्या मण्यात फुगवण चालू, थंडी पडलेली, भुरीचे दिवस. मला त्यांचा राग यायचा. बाग ऐन रंगात आणि हे दिंडीत. एका वर्षी ते निघाले आणि दुसऱ्या दिवसापासून ढगाळ झालं. मी तेव्हा पंचविशीत. म्हटलं, दादा (वडील) येईपर्यंत बाग अशी ठेवतो की बघत राहतील. गंधक, त्यात आणखी दोन औषधं, वर टॉनिक, सगळं एका टाकीत. एका दिवसाआड दोनदा. ते आले, पागोटं काढायच्या आधी बागेत गेले. मण्यांवर चट्टे उठले होते. निर्यातीचा माल त्या दिवशी लोकलचा झाला. त्यांनी एक मणी तोडला, बोटांत फिरवला आणि एकच शब्द विचारला, "कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. भुरी नव्हतीच. नंतर कधीही त्यांनी तो विषय काढला नाही, पण टाकीत दुसरं औषध ओतताना मला तो शब्द अजून ऐकू येतो.

शांत डोक्याने सगळं वाचतं असंही मी सांगणार नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट आठवते ना? निफाडकडच्या किती बागा थोड्या वेळात उघड्या पडल्या. तिथे कोणाचा कागद आणि कोणाच्या वीस वेली काय करणार होत्या? पण दुसऱ्या दिवसाबद्दल मात्र एक बोलता येतं. काही जण सकाळी उठून बघत होते की कुठले घड खरोखर वाचण्यासारखे आहेत, आणि गेलेले घड कापून वेलीवरचं ओझं काढत होते. पंचनाम्याला, विम्याला कळवत होते. आणि काही जण फुटलेल्या घडांवर आठवडाभर महागडी औषधं मारत होते. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. गेलेलं गेलं हे मान्य करायला डोळे उघडे लागतात आणि त्या सकाळी डोळे उघडणं फार कठीण असतं. नुकसान मात्र दोनदा झालं.

विक्रीतही हेच. फेब्रुवारीत रात्री व्यापाऱ्याचा फोन येतो, "उद्या परवा पाऊस आहे, किलोला पाच रुपये कमी करा, सकाळी तोडतो, पैसे पंधरा दिवसांनी." एकदा मी हो म्हटलं होतं. पाऊस आला नाही, पैसेही आले नाहीत. आता माझं उत्तर ठरलेलं आहे: सकाळी बागेत या, गोडी मोजू, मग बोलू. जो खरा आहे तो येतो. रोख देणाऱ्याला दोन रुपये कमी घेतो, तेही मी आधीच ठरवलेलं असतं.

तुझ्या बाबतीत एक गोष्ट मला जास्त टोचली, ती वडिलांचं वाक्य. ते म्हणाले, मन लावून करत नाहीस. तू ऐकलंस, अंग मोडून करत नाहीस. हे दोन्ही एक नाही रे. ४२ फवाऱ्यांमध्ये अंग किती मोडलं ते त्यांनी पाहिलंय, त्यांना दिसत नाही असं समजू नकोस. माझा अंदाज आहे की त्यांना तुझ्या कामात तू दिसत नसशील. चुकत असेन तर तेच सांगतील. एक दिवस सकाळी त्यांना घेऊन त्या वीस वेली ठरव. कुठे पाणी साचतं, कुठली ओळ दरवर्षी आधी पडते, हे त्यांना तोंडपाठ असणार. तू विचारलेलं नाहीस आणि त्यांनी सांगितलेलं नाही, असं आपल्या घरांमध्ये फार होतं.

झोपेचं मात्र हसण्यावारी नेऊ नको. छाटणीच्या काळात दोन-चार रात्री जाग येणं वेगळं. हंगाम संपला तरी झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, मनात नको ते विचार येत असतील तर तो बागेचा प्रश्न उरलेला नाही. डॉक्टरकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आपल्या भागात याची लाज बाळगून आपण चांगली माणसं गमावली आहेत. कर्जाचा ताण खरा आहे, तो शांतपणाच्या गप्पांनी हलका होत नाही. बँकेत जाऊन हप्त्यांचं बोलणं हेही दिवसाउजेडी करायच्या कामांतलं एक काम आहे. वाटलं तर मी बरोबर येतो.

या छाटणीला तू किती फवारे मारशील ते मी सांगू शकत नाही. कदाचित पस्तीस, पाऊस वाईट असला तर पुन्हा ४२. आकडा कमी करणं हा उद्योग नाही, नाहीतर तू आता फवारे वाचवायच्या मागे धावशील आणि मारायचा तोच चुकवशील. फक्त प्रत्येकापुढे "काय पाहिलं" हा रकाना भरलेला असू दे. ज्या दिवशी रकान्यात लिहायला काही नसेल आणि तरी हात पंपाकडे जात असेल, त्या दिवशी टाकीत औषध ओतायच्या आधी एक ओळ चालून ये. शेवटापर्यंत जा आणि परत ये. मग ओतायचं तर ओत.

रविवारी सकाळी सातला ये, साडेनऊला नको. तुझ्या बागेतली संशयाची दोन-तीन पानं शनिवारी संध्याकाळी पिशवीत घालून ठेव आणि तशीच घेऊन ये, उघडून बघू नकोस, इथे दोघं मिळून उघडू. वडिलांनाही आण. माझा दारामागचा कागद देतो, पण तो उतरवून घेऊ नकोस, तुझी जमीन काळी आहे आणि माझी मुरमाड, तुझा वेगळा लिहावा लागेल.

आणि नोझलं मात्र आजच संध्याकाळी खोलून बघ.